बाजूने उजेड, वरून नजर

मुलांनो, कांद्याचा पापुद्रा पातळ असतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतो. पण माशाचा वाढता गर्भ जिवंत पाहायचा असेल तर? तो जाड. एका थरावर भिंग जुळवलं की वरच्या-खालच्या थरांचा उजेड मिसळतो आणि सगळं धूसर होतं.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात हा नको असलेला उजेड बारीक छिद्राने अडवतात. चित्र स्वच्छ येतं, पण लेसर मात्र सगळ्याच थरांतून जातो. शंभर थर टिपायचे तर प्रत्येक थराला शंभरदा लेसर सोसावा लागतो! पेशींतले चमकणारे रंग विटतात, पेशींना इजा होते. बघता बघताच गर्भ मेला तर त्याची वाढ बघायची कशी?

आता कौलातून येणारा कवडसा आठवा. उजेड एका बाजूने, आपण बघतो दुसऱ्या बाजूने, म्हणून धुळीचे कण लख्ख दिसतात. २००४ साली जर्मनीत हायडलबर्गच्या प्रयोगशाळेत यान हुइस्केन, अर्न्स्ट श्टेल्झर आणि सहकाऱ्यांनी असंच केलं. लेसरचा पातळ पडदा बाजूने सोडला, कॅमेरा काटकोनात लावला. ज्या थराचा फोटो, त्याच थरावर उजेड. असे थर जोडून कॉम्प्युटरवर त्रिमितीय चित्र तयार झालं. २००८ मध्ये तर झेब्राफिशच्या गर्भाची पहिल्या २४ तासांतली वाढ पेशी-पेशीने टिपली गेली.

हा मासा का निवडला? त्याचा गर्भ पारदर्शक असतो. अपारदर्शक ऊतीत हा पडदा विस्कटतो. पाण्यात दुधाचे चार थेंब टाका, बाजूने टॉर्च मारा. मग दूध वाढवत जा नि उजेडाचं काय होतं ते वहीत लिहा.