अंदमानात सूर्य थांबत नाही

‘सायंकाळी ५.३० : राधानगर किनारा, सूर्यास्त.’ टूरवाल्याने दिलेल्या छापील कार्यक्रमात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. डिसेंबरचे दिवस. गाडी किनाऱ्यापाशी थांबली तेव्हा लोक पायाची वाळू झटकत परतत होते. सूर्य पाचच्या सुमारासच बुडाला होता. जीवरक्षक शिट्ट्या वाजवत उरलेल्यांना पाण्याबाहेर काढत होता, आणि बघता बघता अंधार झाला.

कार्यक्रम मुंबईत बसून आखला की असं होतं. मुंबई आणि अंदमान यांच्यात जवळपास २० रेखांशांचं अंतर आहे. रेखांशाला ४ मिनिटं धरली, तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा तासाहून जास्त पुढे. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणून हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, दिवस पहाटेच सुरू करावा. पूर्वेकडच्या काला पत्थरला सूर्योदय बघायचा तर पाचला उठावं लागतं. राधानगर पश्चिमेला, तिथे साडेतीनपर्यंत पोहोचलात तर पोहणंही होतं आणि सूर्यास्तही मिळतो.

दुसरं वेळापत्रक भरती-ओहोटीचं. नील, म्हणजे शहीद द्वीपवर लक्ष्मणपूर २ या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत जाता येतं ते ओहोटीलाच. पाणी ओसरलं की प्रवाळाचा खडबडीत कातळ उघडा पडतो. त्यातल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, बोटभर लांबीचे रंगीत मासे अडकलेले दिसतात. शेवाळाने कातळ इतका निसरडा होतो की साध्या चपलेने दोन पावलं टाकणंही कठीण. मागे पट्टा असलेले, रबरी तळाचे सँडल हवेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्यामुळे ओहोटीला पाणीही दूरवर जातं. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल गेलेल्या माणसाने सांगितलेली वेळ आज चालत नाही. रिसॉर्टमध्ये आदल्या रात्री विचारून ठेवा.

हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंगसाठी सकाळची पहिली बोट गाठा. गर्दी वाढली की तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ होतं. प्रवाळावर उभं राहू नका. तो जिवंत असतो आणि पायही कापतो. स्कूबा करणार असाल तर त्यानंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. किनाऱ्यावर मगरीचा इशारा देणारी पाटी असेल तर तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर खरोखरच आहेत.

क्रमही महत्त्वाचा. हवा बिघडली की बेटांमधली फेरी बोट रद्द होते, मग ती सरकारी असो वा खासगी. म्हणून आधी लांबची बेटं उरकावीत आणि परतीच्या विमानाआधीचा पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरसाठी (आता श्री विजयपुरम) राखावा. सावरकर १९११ ते १९२१ या काळात ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, ते बघितल्याशिवाय मराठी माणूस सहसा परतत नाही.  राखलेल्या दिवशी ते उघडं असतं ना, एवढं तपासा. आणि शंख-प्रवाळ पिशवीत भरू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

पैसे भरण्याआधी टूरवाल्याला हॉटेलच्या फोटोंऐवजी तीन गोष्टी विचारा: आपण जाऊ तेव्हा सूर्य किती वाजता मावळतो, नीलला ओहोटी केव्हा आहे, आणि फेरी रद्द झाली तर पुढची सोय कोण करणार? ‘तिकडे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर दुसरा टूरवाला गाठा.