झिप फाइल, ऑफलाइन पडताळणी आणि नागरिकाची ओळख

रायपूरमधील पुरानी बस्ती ही महामाया मंदिरामुळे ओळखली जाणारी जुनी वस्ती. तेथे भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला घरमालकासह अनेकांना आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी लागते. पुढे तिचा वापर कोणी व कशासाठी केला, हे कळण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. या प्रश्नावर योजलेल्या उपायांपैकी एक म्हणजे संगणक प्रणालीने आपोआप तयार केलेली झिप फाइल.

कायदेशीर पार्श्वभूमी

दिनांक 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा, 2016 मोठ्या अंशाने वैध ठरविला. मात्र कलम 57 मधील, खाजगी संस्थांना कराराच्या आधारे आधार प्रमाणीकरणाची मुभा देणारा भाग न्यायालयाने रद्द केला. त्यानंतर 2019 च्या सुधारणा कायद्याने ‘ऑफलाइन पडताळणी’ या संकल्पनेस वैधानिक स्थान दिले. प्रमाणीकरणाचा मार्ग न वापरता, धारकाच्या संमतीने ओळख पटविणे, हे तिचे स्वरूप होय.

फाइल कशी तयार होते?

कागदविरहित ऑफलाइन ई-केवायसीसाठी भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने ठरविलेल्या पद्धतीचे चार टप्पे सांगता येतात.

1. नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग व छायाचित्र ही माहिती एक्सएमएल स्वरूपात मांडली जाते. पूर्ण आधार क्रमांक त्यात नसतो. संदर्भ क्रमांकात त्याचे केवळ शेवटचे चार अंक येतात.
2. या माहितीवर प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी होते.
3. फाइलचे संक्षेपण म्हणजेच कॉम्प्रेशन होते.
4. नागरिकाने निवडलेल्या चार चिन्हांच्या संकेतशब्दाने ती कुलूपबंद होते.

येथे कोणीही कर्मचारी फाइल हाताने बांधत नाही. पायथन, जावा यांसारख्या संगणकीय भाषांत झिप फाइल तयार करण्याची सोय मुळातच असते. प्रणाली एकदा उभारली की प्रत्येक अतिरिक्त फाइलचा खर्च नगण्य ठरतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, स्थिर खर्च मोठा व सीमांत खर्च शून्याच्या जवळ, असे हे उदाहरण आहे.

संक्षेपणाचे तत्त्व

झिप स्वरूप 1989 मध्ये फिल कात्झ यांनी प्रचारात आणले. त्यातील ‘डिफ्लेट’ पद्धतीत दोन विचारांचा संगम आहे. लेम्पेल व झिव यांच्या 1977 च्या पद्धतीनुसार पुन्हा आलेला मजकूर पूर्ण न लिहिता ‘इतकी अक्षरे मागे पाहा’ अशी खूण ठेवली जाते. हफमन यांच्या 1952 च्या पद्धतीनुसार वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड, तर क्वचित येणाऱ्या चिन्हास लांब संकेत दिला जातो. फाइल उघडल्यावर मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळते.

टप्प्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. कूटबद्ध माहितीत पुनरावृत्ती उरत नाही, म्हणून तिचे संक्षेपण होऊ शकत नाही. यास्तव आधी संक्षेपण व नंतर कुलूप, हाच योग्य क्रम होय.

सुरक्षिततेची मर्यादा

झिपमध्ये प्रत्येक फाइलसोबत एक तपासणी संख्या असते. वाटेत झालेला बिघाड तिच्यामुळे उघड होतो. परंतु हेतुपुरस्सर बदल करणारा ती संख्याही बदलू शकतो; असा बदल ओळखण्याचे काम डिजिटल स्वाक्षरी करते. चार चिन्हांचा संकेतशब्दही फारसा बळकट नाही. तो केवळ अंकांचा असेल तर शक्यता 10,000 इतक्याच असतात व संगणक त्या अल्पावधीत तपासू शकतो.

म्हणून फाइल व संकेतशब्द एकाच संदेशात पाठविणे, अथवा सायबर कॅफेच्या संगणकावर फाइल तशीच ठेवून जाणे, धोक्याचे आहे. झेरॉक्सच्या तुलनेत या पद्धतीत पूर्ण आधार क्रमांक झाकलेला राहतो व माहितीचा खरेपणा तपासता येतो, हा तिचा लाभ. मात्र एकदा हाती पडलेल्या माहितीचा पुढील वापर तंत्रज्ञान रोखू शकत नाही. त्यासाठी कायद्याची अंमलबजावणी व नागरिकाची सजगता, दोन्ही आवश्यक आहेत.