काटकोन, समकोण, लंबकोन : पडद्यावरच्या गणित-विज्ञानाच्या पाठांची मराठी

नव्वद अंशांच्या कोनाला मराठी शाळेतले मूल काटकोन म्हणते. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी वर्गात तोच समकोण होतो. बडोद्याच्या गुजराती वर्गात काटकोणच राहतो, तर बेळगावच्या कन्नड आणि हैदराबादच्या तेलुगू वर्गात त्याला लंबकोन हे नाव आहे. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली बहुतेक मुले पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. तिथे ती 'राइट अँगल' ऐकतात, आणि हा कोन उजवा की बरोबर, हा प्रश्न कोणाला विचारावा ते त्यांना कळत नाही.

गणित आणि विज्ञानाचे मराठी पाठ संगणकावर, भ्रमणध्वनीवर उपलब्ध करून देण्याचे काम आता अनेक शिक्षक हौसेने करू लागले आहेत. परंतु हे पाठ पाहणारे मूल दहावीपर्यंत मराठी पाठ्यपुस्तकच वाचणार, असे त्यांत बहुधा गृहीत असते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांना ते लागू पडत नाही. आपले मूल मराठीत समजून घेते आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत देते. म्हणून आपल्याकडच्या पाठात संकल्पना मराठी वाक्यातून उलगडली पाहिजे आणि संज्ञा मात्र दोन नावांनी ओळखीची झाली पाहिजे. शेवटी शब्दसूची जोडून हे साधत नाही. दुसरे नाव पाठाच्या ओघात, संकल्पना कळल्याच्या क्षणी यावे लागते.

पदार्थविज्ञानातले त्वरण घेऊ. बालभारतीच्या पुस्तकात आणि हिंदीतही त्याला त्वरण म्हणतात. मराठी विश्वकोशाच्या लेखनात प्रवेग आढळतो आणि गुजरातीतही प्रवेगच आहे. कन्नडमध्ये वेगोत्कर्ष. यांतला कोणता शब्द शुद्ध, यावर आपण उत्साहाने वाद घालतो. विद्यार्थी मात्र अडतो तो एककापाशी. 'मीटर प्रति सेकंद वर्ग' म्हणजे काय? मीटरचा वर्ग त्याने जमिनीवर आखून पाहिलेला असतो, पण सेकंदाचा वर्ग त्याला कुठेच दिसत नाही. बरेचसे पाठ 9.8 हा आकडा सांगून पुढे सरकतात.

इथे मराठीची साधी वाक्यरचना मदतीला येते. दगड वरून सोडला, तर त्याचा वेग दर सेकंदाला वाढतो. किती वाढतो? दर सेकंदाला 9.8 मीटर, इतका. म्हणजे पहिल्या सेकंदाअखेर वेग सेकंदाला 9.8 मीटर, दुसऱ्या सेकंदाअखेर 19.6, तिसऱ्याअखेर 29.4 (हवेचा अडथळा सोडून). 'दर सेकंदाला' हे शब्द दोनदा आले, म्हणून सेकंद छेदात दोनदा आला. वर्गाचा उलगडा एवढाच. हे कळल्यावर पडद्यावर 'त्वरण' लिहावे आणि त्याखाली 'ॲक्सिलरेशन', बडोद्याच्या मुलांसाठी 'प्रवेग'. आधी नाव आणि मग व्याख्या या क्रमाची आपल्याला पुस्तकांनी सवय लावली आहे. पडद्यावर तो क्रम उलटा करायला काहीच अडचण नसते.

'कार्य' या शब्दाची अडचण वेगळी आहे. डोक्यावर घागर घेऊन एका जागी अर्धा तास उभ्या राहिलेल्या बाईने घागरीवर केलेले कार्य शून्य, हे वाक्य मुलाला अन्यायाचे वाटते, आणि त्याला तसे वाटू द्यावे. काम आणि कार्य हे दोन शब्द आपल्याकडे आयते आहेत. मान दुखते ते काम. बलाच्या दिशेने विस्थापन झाले तरच कार्य. (घरातले कार्य म्हणजे लग्नमुंज, हेही एकदा हसून सांगून टाकावे.) इंग्रजीत दोन्हींना 'वर्क' हा एकच शब्द असल्याने हा भेद इंग्रजी पाठात अधिक कष्टाने करावा लागतो. मराठीतून समजून घेतल्याचा फायदा पुढच्या वर्गात टिकतो तो असा.

आता बोलण्याकडे वळू. छापील पुस्तकात सूत्र डोळ्यांना दिसते. ध्वनिफितीत ते उच्चारावे लागते, आणि तिथे घोटाळे होतात. 'एक छेद एक्स अधिक दोन' असे निवेदक म्हणाला, तर छेदात फक्त एक्स आहे की एक्स अधिक दोन? एक्सची किंमत 2 घेतली, तर पहिल्या अर्थाने उत्तर अडीच येते, दुसऱ्या अर्थाने पाव. 'एक छेद, कंसात एक्स अधिक दोन, कंस पूर्ण' असे म्हणायला तीन सेकंद जास्त लागतात, ते द्यावेत. पडदा न पाहता केवळ ऐकून शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला तर दुसरा आधारच नसतो.

मराठीत विभक्ती असल्यामुळे शब्दांचा क्रम सैल असतो. चिन्हांना ती सवलत नाही. 'तीनने बाराला भागा' हे वाक्य निर्दोष आहे, पण ऐकताऐकता लिहिणारे मूल 3 ÷ 12 लिहून बसते. 'बाराला तीनने भागा' म्हटले की शब्द आणि चिन्हे एकाच वाटेने चालतात. 'एक्सपेक्षा पाचने कमी' हेही तसेच सरळ एक्स − 5 होते. संहिता लिहिताना अशी वाक्ये मुद्दाम निवडावीत. म्हणून संहिता आधी लिहून काढलीच पाहिजे. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात पडद्यावर काय दिसते आणि निवेदक काय बोलतो, हे दोन स्तंभांत शेजारीशेजारी लिहितात. त्यामुळे एकाच पाठाला मराठीसह अनेक भाषांचा आवाज देता येतो. फळ्यासमोर उभे राहून एका दमात चित्रित केलेला पाठ कितीही रंगला, तरी त्यातले एक चुकीचे वाक्य नंतर बदलता येत नाही.

तांत्रिक बाजूचे थोडक्यात सांगतो. सूत्राचे छायाचित्र चिकटवू नये. ते लाटेकच्या पद्धतीने अक्षरांत लिहावे, म्हणजे शोधता येते, मोठे करता येते, दुरुस्त करता येते. सूत्रांत आंतरराष्ट्रीय अंक आणि रोमन अक्षरेच ठेवावीत, कारण पुढच्या वर्गात तीच भेटणार आहेत. प्रयोगाची चलत्चित्रे नव्याने करण्याआधी कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा संच पाहावा. कार्ल वीमन यांनी तो 2002 साली सुरू केला, आणि त्यातली अनेक चित्रे मराठीत आहेत.

अभियांत्रिकीचा प्रश्न यापुढचा आहे. 2021पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीची पदवी घेण्याची वाट उघडली आहे. तिथे लेथ, गिअर, वेल्डिंग हे शब्द जसेच्या तसे घ्यावेत. त्यांना संस्कृत पोशाख चढवण्याचा खटाटोप वाया जातो. मात्र कारागिरांकडे जे शब्द आहेत ते सोडू नयेत : कानस, ऐरण, ओळंबा, गुण्या. गवंडी पायाची आखणी करताना कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे म्हणतो. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास तो रोज वापरतो. त्याची ही आखणी दोन मिनिटांच्या चित्रफितीत दाखवावी आणि तीन, चार, पाच यांचे वर्ग मुलाला करू द्यावेत. मग त्या कोपऱ्याला त्याच्या शाळेत काटकोन म्हणत असोत, समकोण, लंबकोन किंवा राइट अँगल, ते नाव त्यालाच लिहू द्यावे.