खिडकीत पेंगलेला तरुण
(प्रेषितांची कृत्ये २०:७-१२)



त्रोवस येथे संत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले. खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (लांबलेल्या प्रवचनाची नोंद आम्हा धर्मगुरूंनी जरूर घ्यावी!) पौलांनी त्याला बोल लावला नाही. बोलणे थांबवून ते खाली उतरले, त्याला कवटाळले. मग वर जाऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत संवाद चालला.

युतुख दिवसभर कुठे राबून आला होता, ते लूक सांगत नाही. महागावच्या आपल्या तरुणांचे मात्र आपल्याला ठाऊक आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात वाकून दमलेली मुलगी संध्याकाळच्या युवासभेत पेंगते, किंवा येतच नाही. आपण मात्र "हल्लीच्या पोरांत श्रद्धाच नाही" म्हणून मोकळे होतो. आज किती किलो वेचलास, मजुरी हातात पडली का, हे विचारायचे राहूनच जाते. आमच्या मते श्रद्धेची गोष्ट तिथूनच सुरू होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या 'ख्रिस्तुस विवित' या पत्रात तरुणांनाच युवाकार्याचे कर्ते म्हटले आहे. तेव्हा वेचणी संपेपर्यंत सभेची वेळ आणि जागा त्यांनीच ठरवावी. शेताच्या बांधावर ठरली, तर आपण बांधावर जाऊ.