जाळरेषा : एक परिसरपाठ

गतवर्षी माघ महिन्यात जंगलालगतच्या एका शाळेस भेट देण्याचा योग आला. वर्गात ‘वणव्यामुळे होणारी हानी’ हा पाठ चालू होता. एका मुलाने विचारले, “गुरुजी, परवा वनरक्षकांनीच गवत पेटवले. मग माझ्या बापाने पेटवले तर गुन्हा कसा?” वर्ग हसला, शिक्षक निरुत्तर झाले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाजवळ असावे, म्हणून हे टिपण.

अग्नीस तीन गोष्टी लागतात : जळण, हवा व उष्णता. पैकी जळण तेवढे आपल्या हाती असते. वनखाते जंगलात ठरावीक रुंदीचे पट्टे आखते. त्यांस जाळरेषा म्हणतात. १५ फेब्रुवारीस वणव्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तेथील गवत कापून, वाळवून जाळतात. पुढे वैशाखात वणवा धावत आला, तरी तेथे त्यास खावयास काही उरत नाही व त्याचा जोर मोडतो. हा जाळ वारा मंद असता, पुरेशी माणसे भोवती उभी करूनच लावावयाचा असतो. चढावर ज्वाळा पुढील गवत आधीच तापवते व आग झपाट्याने वर जाते. म्हणून उतारावर जाळ वरून खाली आणणे सुरक्षित.

ही विद्या केवळ खात्याची नव्हे. कर्नाटकातील बिळिगिरिरंगन टेकड्यांत सोलिग आदिवासी उन्हाळ्याच्या आरंभी पालापाचोळ्याचा हलका जाळ करीत; त्यास ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. १९७४ मध्ये तेथे अभयारण्य झाल्यावर ही रीत बंद पडली. पुढे घाणेरी रानभर माजली. जाळ थांबल्यानेच ती माजली, असे सोलिग वृद्ध सांगतात. अभ्यासकांनीही त्या म्हणण्याची गंभीरपणे दखल घेतली आहे.

तथापि प्रत्येक जाळ हितकारक नसतो. मोहाची फुले वेचण्यासाठी किंवा नवे गवत यावे म्हणून लावलेली आग हातची सुटली, की रोपे व घरटी भस्म होतात. उघडी माती पहिल्या पावसात वाहून जाते. यास्तव भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावण्यास मनाई आहे.

वर्गात आगीचा प्रयोग मुळीच करू नये. अंगणात पालापाचोळा पसरून मध्ये हातभर रुंद पट्टा झाडून घ्यावा आणि ‘वणवा येथवर आला, आता पुढे काय होईल?’ असे विचारावे. मोहाखाली आग न लावता पाला झाडून जुने लुगडे अंथरले, तरी फुले स्वच्छ मिळतात, हेही मुलांकरवी घरी पोहोचवावे.

त्या मुलाच्या बापास गुन्हेगार ठरवून पाठ संपवू नये. अग्नी तोच, परंतु वेळ कोणती, जागा कोणती आणि तो विझेपर्यंत जबाबदार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली असली, तरच तो जाळ, एरवी वणवा. एवढे मुलांच्या मनावर ठसले, तरी पाठाचे सार्थक झाले.