आपली वंशावळ, आपले आप्त



लग्न ठरले किंवा परदेशी जायचे झाले, की स्नानसंस्काराच्या दाखल्यासाठी आपण चर्च ऑफिसात येतो. पण "पणजोबांच्या भावाची मुले कुठे गेली, हे नोंदवहीत सापडेल का?" असेही कुणी विचारले, तर आम्हांला आनंदच होईल. मात्र ही वंशावळ शोधायची कशासाठी, याचा आधी पवित्र शास्त्राच्या प्रकाशात विचार करू या.

मत्तयचे शुभवर्तमान वंशावळीनेच सुरू होते. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत १४-१४ पिढ्यांचे तीन टप्पे त्यात आहेत. तामार, राहाब, रूथ, उरियाची पत्नी, अशा ज्यांच्याविषयी लोकांनी नाके मुरडली असती, त्या स्त्रियांनाही मत्तयने वगळलेले नाही. दुसरीकडे संत पौल तिमथी व तीत यांना वंशावळींच्या निष्फळ वादांपासून सावध करतो. मग यातले आपण काय घ्यावे?

तोबीतचे पुस्तक येथे मदतीला येते. निनवेत बंदिवासात असलेला अंध तोबीत, ठेवलेले पैसे आणण्यासाठी मुलाला, तोबियाला, दूर मेदिया देशात पाठवतो. वाटेत एकबताना येथे तोबिया रागुएलच्या घरी उतरतो. हा तरुण आपल्या तोबीतसारखा दिसतो, असे रागुएलला वाटते. तुम्ही कुठले, कोणत्या वंशाचे, अशी विचारपूस होते. हा तोबीतचाच मुलगा, हे कळताच रागुएल धावत येऊन त्याचे चुंबन घेतो व रडतो. तोबीत आंधळा झाल्याचे ऐकून सारे घर हळहळते. मग पाहुण्यांसाठी मेंढा कापला जातो. वंशाची चौकशी येथे मिठीपर्यंत, अश्रूंपर्यंत आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत पोहोचते. आपल्या शोधाचीही कसोटी हीच.

शोध कसा घ्यावा?

१) प्रथम घरातल्या वृद्धांना विचारा. नाव, गाव, घराला लोक कोणत्या नावाने ओळखत ते, माहेर, धर्ममाता-धर्मपिता हे सारे लिहून ठेवा. आजीची आठवण ही एकच प्रत असते.

२) आडनावावर विसंबू नका. आपल्याकडे धर्मांतराच्या वेळी पोर्तुगीज धर्मगुरूचे वा धर्मपित्याचे आडनाव अनेकांनी घेतले. म्हणून आडनाव एक असले तरी रक्त एक असेलच असे नाही.

३) धर्मग्रामाच्या नोंदी पाहा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवणे बंधनकारक केले. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार (कलम ५३५) प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात झाले, तरी ते स्नानसंस्काराच्या नोंदीजवळ लिहिले जाते. गाव सोडून गेलेल्या आप्ताचा माग बहुधा याच ओळीतून लागतो.

४) वह्या स्वतः चाळायला मिळणार नाहीत. त्यांत इतरांच्याही खाजगी गोष्टी असतात. नाव व अंदाजे साल लिहून द्या, आम्ही शोधून सांगू. जुन्या नोंदी पोर्तुगीज वा लॅटिनमध्ये असल्या, तर वाचायला वेळ लागेल.

सापडल्यावर काय?

पहिल्याच फोनवर जमिनीचा किंवा सातबाऱ्याचा विषय काढू नका. समोरच्याला शंका येईल आणि दार बंद होईल. ओळख सांगा, वडीलधाऱ्यांची खुशाली विचारा, जुना फोटो असल्यास पाठवा. एखाद्या नोंदीत बापाचे नाव नसेल किंवा कुणाची लपवलेली गोष्ट दिसेल. ती चारचौघांत बोलू नका. मत्तयने त्या स्त्रियांना वंशावळीत स्थान दिले, ते त्यांची लाज काढण्यासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट. सातासमुद्रापलीकडचे आप्त शोधत असताना, वाटणीवरून बोलणे बंद झालेला सख्खा चुलतभाऊ पलीकडच्याच आळीत राहत असेल. वंशावळीत त्याचे नाव लिहिताना हात थबकला, तर तोबियाची वाट तिथूनच सुरू होते असे समजा. २ नोव्हेंबरला एकाच आजोबांच्या कबरीवर दोन्ही घरे वेगवेगळ्या वेळी मेणबत्त्या लावतात. यंदा एकाच वेळी लावता येतील का?

कुटुंबात चर्चेसाठी

– आपल्या चार पिढ्यांची नावे घरात कोणाला सांगता येतात?

– कोणत्या नातेवाइकाकडे आपण बरीच वर्षे गेलो नाही? का?

– नाताळपूर्वी त्यांच्यापैकी एका घरी कोण जाईल?

प्रभू तुमच्या घराण्यांना आशीर्वाद देवो.

– तुमचे धर्मगुरू