लाथेमागचे दुखणे

धार काढताना गाय लाथ मारू लागली की तिच्या स्वभावाला दोष देऊन मागचे पाय दाव्याने जखडण्याची जी रीत आमच्या आजऱ्याच्या भागात वाडवडिलांपासून चालत आली आहे, ती किती अन्यायाची आहे हे एका शेजाऱ्याच्या गोठ्यात मी प्रत्यक्ष पाहिले. एरवी लहान मुलालाही कासेखाली बसू देणारी त्यांची संकरित गाय श्रावणाच्या प्रारंभी एकाएकी पाय झाडू लागली; ती मस्तावली असा घरातील वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, आणि गावच्या दूधसंस्थेला घालण्यापुरते दूध निघते आहे तोवर डॉक्टरांना वर्दी देण्याचे कारण नाही असेही ठरले.

मी गेलो तेव्हा तिचे उजवे मागचे सड व त्यावरची कास तांबूस होऊन ताणली होती, बोट लागताच तिच्या अंगावर शहारा येई, आणि त्या सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर घेतली तेव्हा पाण्यासारख्या द्रवात पिवळ्या गुठळ्या उतरल्या. परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते तिच्या उभे राहण्याने. मागचे पाय फाकवून, भार या पायावरून त्या पायावर टाकीत ती उभी होती. खाली कोरडे पिंजर अंथरलेले असूनही बसत नव्हती. निरोगी गाय दिवसाचे सुमारे १० ते १२ तास बसून काढते, आणि सुजलेली कास जमिनीवर दाबली जाणे असह्य होते म्हणूनच आजारी गाय बसण्याचे टाळते. गाईची जात मुळात भक्ष्य प्राण्याची. ती हंबरून दुखणे सांगत नाही. शेजाऱ्यांच्या गाईवर इलाज झाला, पण उशिरा. ते सड कायमचे आटले.

पाय बांधून धार काढण्यात क्रौर्याखेरीज नुकसानही आहे. वेदनेने व भयाने गाय पान्हा चोरते, दूध कासेतच तुंबते आणि जंतूंना आयतेच खाद्य मिळते. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना १९६३ साली झाल्यापासून गावोगावच्या संस्थांनी आमच्या दुधाचा हिशेब चोख केला. लिटर आणि फॅट यांची नोंद सकाळ-संध्याकाळ होते, मात्र जनावराच्या यातनेची नोंद मालकानेच मनात ठेवावयाची असते.

म्हणून माझे सांगणे असे की, कासदाह, ज्याला आपण दगडी म्हणतो, तो गुठळ्या दिसण्याची वाट पाहून ओळखू नये. गाय बसते किती, रवंथ करते की नाही, एखाद्या सडाला हात लागताच मान वळवते काय, इकडे नित्य लक्ष असावे. आमच्याकडे पावसाळ्यात जमीन महिनोन्‌महिने ओली राहते. तेव्हा शेण-मूत्राचा निचरा आणि कोरडी बैठक यांची तजवीज आधी करावी. अंगठा मुडपून सड ओढण्यापेक्षा पूर्ण मुठीने धार काढावी, नंतर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवावेत. धारेनंतर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे असते. एवढा वेळ पुढ्यात वैरण टाकून गाईला उभी ठेवावी. बाधित गाईची धार सर्वांत शेवटी काढावी.

डॉक्टर आले की जंतुनाशक इंजेक्शनाबरोबर वेदनेवरही औषध द्यावे, अशी विनंती आपण होऊन करावी. माझ्याच गोठ्यातील एका गाईला दगडीच्या पहिल्या लक्षणालाच डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिले, आणि सकाळी पाय आपटणारी ती गाय संध्याकाळी बसून रवंथ करू लागली. सूज उतरण्यापूर्वीच तिची वैरण सुरू झाली, हे मी समोर पाहिले आहे. घरी पडून असलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मात्र कदापि टोचू नये. ते दिलेले जनावर दगावले व त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात, याच कारणाने २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. आणि औषध चालू असताना व त्यानंतर डॉक्टर सांगतील त्या मुदतीपर्यंत त्या गाईचे दूध, मग ते चारही सडांचे कितीही स्वच्छ दिसो, संस्थेत घालू नये व वासरालाही पाजू नये.